'आर्ट ट्वेंटीवन' : मराठी शाळेत चित्रकलेच्या तासाला वापरून पाहिल्यावर

शाळेत 'सामाजिक विषयावर चित्र काढा' म्हटलं की काय येतं, हे कुठलाही कलाशिक्षक डोळे मिटून सांगेल. पाणी वाचवा म्हटलं की नळ आणि त्याखाली पृथ्वी. व्यसनमुक्ती म्हटलं की सिगारेटवर लाल फुली. झाडे लावा म्हटलं की ओंजळीत रोपटं. मुलींचं शिक्षण म्हटलं की दोन वेण्या आणि पाटी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलं मोबाइलवर ही चित्रं शोधतात, जशीच्या तशी उतरवतात आणि बक्षिसंही त्यांनाच मिळतात.

मी इचलकरंजीतल्या एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षं चित्रकला शिकवते. अशा स्पर्धांची परीक्षक म्हणूनही बसले आहे. ज्या मुलाच्या घरी दिवसच्या दिवस नळाला पाणी येत नाही, तेही मूल तोच नळ आणि तीच पृथ्वी काढतं. त्याच्या दारातली निळी पिंपं, पाणी सुटलं की मध्यरात्री उठून मोटार लावणारी आई, यातलं काहीच कागदावर येत नाही. मुलाला प्रश्न माहीत आहे, तो त्याच्या घरात आहे, तरी चित्र मात्र दुसऱ्याच कुणाचं. याचा मला फार त्रास व्हायचा. यावर उपाय शोधता शोधता मी 'आर्ट ट्वेंटीवन'पर्यंत पोचले. आठवी-नववीच्या वर्गात ते भरपूर वापरल्यावर हे लिहिते आहे.

ही न्यूयॉर्कची ना-नफा संस्था आहे, 1997 साली सुरू झालेली. आज काम करणाऱ्या कलाकारांवर ती माहितीपट बनवते. 2001 पासून अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर तिची मालिका दाखवली जाते. आपल्या कामाची गोष्ट अशी की, या फिती संस्थेच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूबवर फुकट बघता येतात. एक भाग साधारण तासाभराचा, त्यात तीन-चार कलाकार. म्हणजे एकेकाच्या वाट्याला पंधरा मिनिटांच्या आसपास. आपली तासिका जेमतेम 35 मिनिटांची, त्यामुळे हे माप अगदी बरोबर बसतं. फीत पाहून उरलेल्या वेळात बोलता येतं आणि प्रत्यक्ष काम पुढच्या तासाला ठेवता येतं. सुरुवातीच्या बऱ्याच भागांना विषयांची नावं आहेत : सत्ता, स्मृती, निषेध, पर्यावरण, करुणा, बदल, सीमा. नंतरचे काही भाग शहरांवर आहेत, उदाहरणार्थ मेक्सिको सिटी, जोहान्सबर्ग, बीजिंग.

फितींमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मध्ये कुणी निवेदक नाही. कलेवर भाष्य करणारा समीक्षक नाही, 'हे महान कलाकार' असं सांगणारा आवाज नाही. कलाकार स्वतः बोलतो, काम करता करता बोलतो. त्याची कामाची जागा दिसते, पसारा दिसतो, हात दिसतात, अडखळणं दिसतं. आमच्या मुलांनी आजवर चित्रकार बघितलेत ते पुस्तकात, जयंतीच्या फोटोसारखे. जिवंत माणूस काहीतरी हातात घेऊन 'हे जमतंय का बघतो' म्हणतोय, हे त्यांनी प्रथमच पाहिलं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्या शिक्षकानं एल अनात्सुईची फीत घ्यावी. 2012 च्या 'बदल' या भागात ती आहे. अनात्सुई मूळचे घानाचे, जन्म 1944 चा. नायजेरियातल्या एन्सुका गावच्या विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर शिल्पकला शिकवली. 1990 च्या दशकाच्या अखेरीला त्यांना तिथं दारूच्या बाटल्यांच्या बुचांनी भरलेली एक टाकून दिलेली पिशवी सापडली. ती त्यांनी आणून ठेवून दिली. पुढं त्या ॲल्युमिनियमच्या बुचांना ठोकून सपाट करायचं, दुमडायचं, भोकं पाडायची आणि तांब्याच्या बारीक तारेनं एकमेकांना बांधायचं, असं काम त्यांनी सुरू केलं. होतं काय, तर भिंतभर पसरलेलं, सोनेरी-लाल झळाळीचं, चुण्या पडलेलं धातूचं वस्त्र. लांबून बघणाऱ्याला ते कापडच वाटतं. ते कसं टांगायचं हेही ते ठरवून देत नाहीत. टांगणाऱ्यानं आपल्या मनानं चुण्या पाडाव्यात.

आता हे कापडाच्या गावातल्या मुलांना दाखवा. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरचं कुणी ना कुणी मागावर आहे. कुणाची आई कांड्या भरते, कुणाचे वडील रात्रपाळीला जातात, कुणाचा काका वहिफणीला, म्हणजे ताण्याचे धागे मागाच्या फणीतून ओवायला. फीत सुरू झाल्यावर मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा पुढं सरकली. उभा धागा-आडवा धागा नसताना कापड कसं झालं, यावरच पहिली पाच मिनिटं गेली. एका मुलीनं पडद्याजवळ जाऊन तारेच्या गाठी बघितल्या आणि 'ह्ये विणलेलं न्हाई, बांधलंय' असा निकाल दिला. तिचं बरोबर होतं.

फितीत अनात्सुईंचे मदतनीस दिसतात. तरुण पोरं बसून बुचं ठोकताहेत, तारा ओवताहेत. मी दारू आणि गुलामांच्या व्यापाराबद्दल बोलायची तयारी करून गेले होते. युरोपच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत दारू आणली, ती माणसांच्या खरेदी-विक्रीत वापरली, आणि म्हणून त्या बुचांत आफ्रिका, युरोप, अमेरिका या तिन्ही खंडांचा इतिहास आहे, असं अनात्सुई मानतात. पण मुलांनी तिथं जाऊच दिलं नाही. एका मुलानं हात वर केला : "बाई, त्या पोरास्नी हजेरी देत्यात का नगावर?"

म्हणजे रोजंदारी, की केलेल्या नगांवर पैसे? मागावर मजुरी कापडाच्या मीटरवर आणि पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरते, हे या मुलांना घरातल्या बोलण्यातून पाठ असतं. मजुरीवाढीचे मोर्चे त्यांनी दारातून बघितलेत. त्यामुळे त्यांना पहिला प्रश्न हाच पडला. लगेच दुसरा आला : "काम एवढ्या जणांचं, मग नाव एकट्याचंच का?" समकालीन कलेवर जगभर ज्या प्रश्नावर वाद होतात, तो आठवीच्या वर्गात, यंत्रमागाच्या आवाजात, कुणी न शिकवता आला. उत्तर द्यायची घाई मी केली नाही. वर्गात दोन तट पडले. कल्पना ज्याची त्याचं नाव, असं काही जण म्हणाले. काही जणांना ते पटलं नाही : मालकाला कापड कसं हवं ते माहीत असतं, पण कापड विणकर काढतो. पुढं मुलांनी स्वतःचं काम केलं तेव्हा हा वाद मिटवायचा मार्गही त्यांनीच काढला. कामाखाली लावलेल्या कागदावर वर्गातल्या सगळ्यांची नावं आलीच, शिवाय तार देणाऱ्या दुकानदाराचं आणि चिंध्या देणाऱ्या दोन कारखान्यांतल्या कामगारांचीही आली.

ते काम कशाचं करायचं, यावर मात्र जरा थांबावं लागलं. बहुतेकांना बुचंच हवी होती. मी घरून काही आणायला सांगितलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी एक मुलगा मधल्या सुट्टीत आला आणि माझ्या टेबलाखाली पिशवी ठेवून गेला. आत क्वार्टरची बुचं होती, खूप. जाताना एवढंच म्हणाला, "आनि पायजेत तर हायत." मी काही विचारलं नाही, पिशवी कपाटात ठेवली. वर्गाला म्हटलं, आपल्या गावातलं जे रोज झाडून टाकलं जातं ते शोधूया. त्यातून मागाखालचं वेस्ट सूत, कापडाच्या कापलेल्या किनारी, फुटक्या कांड्या आल्या. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून जळालेली तांब्याची तार मिळाली. ती सोलायला मुलांची बोटं काळी झाली. सगळं बांधून जिन्याच्या भिंतीला लावल्यावर तो मुलगा आपणहून पिशवी मागायला आला. त्यानं बुचं कडेला एका ओळीत बांधली, आतली बाजू वर करून, म्हणजे छापलेलं नाव दिसणार नाही अशी. कुणी काही बोललं नाही. मला वाटतं, त्या वर्गात व्यसनावर आजवर लावलेल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा त्या ओळीनं जास्त सांगितलं.

शिक्षकांनी हे मनाशी पक्कं धरून ठेवावं. खऱ्या कलाकाराचं खरं काम वर्गात आणलं की मुलांच्या घरचं खरं बाहेर येतं. संस्थेनं शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढल्या आहेत, त्याही फुकट उतरवून घेता येतात. त्यांत कलाकाराची ओळख, फीत बघण्याआधीचे, बघतानाचे आणि बघून झाल्यानंतरचे प्रश्न, करून बघायच्या गोष्टी असं सगळं आहे. प्रश्न खरोखर चांगले आहेत. 'या चित्रातून काय संदेश मिळतो' या आपल्या ठरलेल्या प्रश्नाच्या ते फार पुढचे आहेत. पण टेबलाखाली पिशवी ठेवणाऱ्या मुलाशी कसं वागायचं, हे कुठल्याच मार्गदर्शिकेत मावणार नाही. ते तुमचं तुम्हालाच बघावं लागतं.

दुसरी फीत विल्यम केंट्रिजची. जोहान्सबर्गचा हा कलाकार दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीच्या काळात वाढला. 2009 च्या 'करुणा' या भागात तो आहे. 2010 मध्ये संस्थेनं त्याच्यावर स्वतंत्र मोठा माहितीपट केला आणि त्याला पीबडी पुरस्कार मिळाला. केंट्रिज कोळशानं मोठं चित्र काढतो, कॅमेऱ्यापाशी जाऊन एक-दोन चौकटी टिपतो, परत येऊन चित्रात थोडं खोडतो, थोडं वाढवतो, पुन्हा कॅमेऱ्यापाशी जातो. एकाच कागदावर असा चित्रपट तयार होतो आणि खोडलेल्याचे डाग कागदावर राहतात.

सरकारी शाळा असो की अनुदानित, याला लागणारं साहित्य प्रत्येक वर्गात आहे : फळा, खडू, डस्टर आणि शिक्षकाचा मोबाइल. स्टुलावर पुस्तकं रचून त्यांना मोबाइल टेकवला. मुलांनी विषय निवडला पंचगंगा. आधी घाट, पाणी, एक होडी. मग एकेकानं येऊन जलपर्णीचं एक पान काढायचं, बाजूला व्हायचं, फोटो. पान, फोटो. तास संपेपर्यंत होडी बुडाली, घाटाच्या पायऱ्या गेल्या, फळा हिरव्या खडूनं भरला. दुसऱ्या तासाला उलटं करायचं ठरलं, म्हणजे एकेक पान पुसत नदी मोकळी करायची. डस्टर फिरवला तर पाण्यावर हिरवट डाग तसाच. मी ओलं फडकं आणायला निघाले, तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. पुसलं तरी दिसतंयच की, नदीत बी तसंच असतंय."

तिथंच खरा वाद सुरू झाला. पाणी कुणी घाण केलं? कुणीतरी प्रोसेसवाल्यांचं नाव घेतलं, म्हणजे कापड रंगवणारे, धुणारे कारखाने. एक मुलगा ताडकन उठला, त्याचे वडील प्रोसेसमध्येच कामाला आहेत. "मग काय प्रोसेस बंद करायच्या? आमी काय खायाचं?" वरच्या गावांचं, शहरांचं सांडपाणी, उसाच्या शेतातलं खत, आपल्या घरचा साबण, सगळं निघालं. भूगोलाचे सर व्हरांड्यातून जाता जाता थांबले आणि आत येऊन बसले. त्यांनी नदीचा नकाशा काढून दिला. 'नदी वाचवा' अशी घोषणा फळ्यावर कुणीही लिहिली नाही. तयार झालेली फीत अर्ध्या मिनिटाचीसुद्धा नाही, पण पालकसभेत ती दाखवली तेव्हा पालकही त्याच प्रश्नावर बोलायला लागले.

आता उणिवा. पहिली आणि मोठी, भाषा. सगळं इंग्रजीत, शिवाय जगभरचे उच्चार. खाली इंग्रजी मजकूर येतो, तो आठवीच्या मराठी माध्यमाच्या मुलाला त्या वेगानं वाचता येत नाही. यूट्यूबवर यंत्रानं केलेलं मराठी भाषांतर लावता येतं, पण त्यात कलेचे शब्द असे उलटेपालटे होतात की ते बंद केलेलंच बरं. मी आधी घरी फीत बघते, वहीत वेळ घालून मराठी उतारा लिहिते, आणि वर्गात आवाज बारीक ठेवून, थांबवत थांबवत सांगते. एका फितीला घरचा एक पूर्ण रविवार जातो. ज्याच्याकडे वर्गशिक्षकपद, निवडणुकीचं काम आणि ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं आहे, त्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करणं सोपं नाही.

दुसरं, प्रत्येक फीत आधी स्वतः बघायलाच हवी. या मालिका मोठ्यांसाठी केलेल्या आहेत. क्रिस्टोफ वोडिच्को या कलाकारानं मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात 2001 मध्ये केलेलं काम घ्या. तिथल्या सीमेवरच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांचे चेहरे त्यानं एका प्रचंड गोल इमारतीवर प्रकाशानं उमटवले, आणि त्या बायका भर चौकात स्वतःवरच्या अत्याचारांबद्दल बोलल्या. माझ्या मते अलीकडच्या कलेतल्या सर्वांत धाडसी कामांपैकी ते एक आहे. वोडिच्कोवरची फीत मी आठवीला दाखवली नाही, दाखवणारही नाही. ती शिक्षकांच्या खोलीत सहकारी बायकांना दाखवली. डोरिस साल्सेदोबद्दल नववीला सांगता येतं. कोलंबियातल्या हिंसाचारात नाहीशा झालेल्या माणसांचं दुःख ती खुर्च्या, कपाटं, टेबलं यांतून मांडते. 2003 साली तिनं इस्तंबूलमध्ये दोन इमारतींमधल्या रिकाम्या जागेत 1550 खुर्च्या रचल्या होत्या. त्याचा फोटो दाखवला की वर्ग आपोआप शांत होतो.

तिसरं, 'आपल्याकडं असं कोण करतंय?' हा प्रश्न मुलं विचारणारच, आणि त्याचं उत्तर तुम्हाला बाहेरून आणावं लागेल. केंट्रिजनंतर मी प्रभाकर पाचपुते दाखवते. चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातला हा कलाकार. घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या खाणीत. तो कोळशानं भिंतीवर चित्रं काढतो, खाणकामगार, पोखरलेली जमीन, माणसाच्या धडावर अवजाराचं डोकं. 2021 मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार ज्या सहा जणांना मिळून देण्यात आला त्यात तो होता. मुलांना तो मराठी बोलतो याचंच अप्रूप वाटतं. दुसरे सुधीर पटवर्धन, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता त्यांनी कामगारांची, लोकलची, परळची चित्रं काढली. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसत गेल्या, तशी यंत्रमागांची गावं वाढली, त्यामुळे गिरणगावची चित्रं इथल्या मुलांना परकी नाहीत. यांच्याबद्दल शाळेत दाखवण्याजोग्या, मराठीतल्या, पंधरा मिनिटांच्या फिती कुणी करेल का? मी मनापासून विचारते आहे.

'याचे परीक्षेत गुण किती?' असं एका पालकांनी विचारलं, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांची तयारी मी सोडलेली नाही. स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन सगळं चालू आहे. फरक दिसतो तो स्मरणचित्रात. 'बाजार' विषय दिला की पूर्वी सगळ्या कागदांवर तीच छत्री, तीच टोपलीवाली असायची. आता कुणाच्या कागदावर मंगळवारपेठेतला लिंबूवाला असतो, कुणाच्या कागदावर बाजाराच्या कडेला झोपलेला रात्रपाळीचा कामगार.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना सांगते : आठवीच्या खाली घेऊ नका, आणि वर्षाला दोन-तीन फिती पुष्कळ झाल्या. वीज आणि नेट यांवर विसंबू नका, मार्गदर्शिका छापून ठेवा. मुख्याध्यापकांना आधी एक फीत दाखवा, म्हणजे तासिका बदलून मिळते. अनात्सुई आणि केंट्रिज या दोन्ही फितींचे मराठी उतारे माझ्या वहीत वेळेसकट लिहिलेले आहेत. कुणा कलाशिक्षकाला हवे असतील तर खाली कळवा, पानांचे फोटो पाठवते. तुम्ही तिसऱ्या एखाद्या फितीचा उतारा केलात तर मलाही द्या.